जर्मेनियम डिटेक्टर आणि गॅमा स्पेक्ट्रोमीटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेगक (कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र) पाहायला येणारे पदवीचे विद्यार्थी आणि नव्याने संशोधनाला लागलेले तरुण जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. विवेचन मुख्यतः जर्मेनियमच्या डिटेक्टरांभोवती आणि त्यांच्यापासून उभ्या राहिलेल्या गॅमा स्पेक्ट्रोमीटरांभोवती, म्हणजे अणुकेंद्रातून निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणांभोवती, फिरते, कारण मुंबई, दिल्ली आणि कोलकाता येथील प्रवेगकांवर या शतकाच्या आरंभापासून हेच काम सातत्याने चालले आहे. चुंबकीय स्पेक्ट्रोमीटरसाठीही एक प्रश्न राखून ठेवला आहे. गॅमा किरणांच्या ऊर्जेचे एकक किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट हे असून प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘केईव्ही’ म्हणतात. पुढे तेच रूप वापरले आहे. एक हजार केईव्ही म्हणजे एक एमईव्ही.

‘उच्च विभेदनक्षमता’ म्हणजे नेमके काय?

एकाच ऊर्जेचे हजारो गॅमा किरण डिटेक्टरवर पडले तरी दर वेळी मिळणारा आकडा तंतोतंत तोच नसतो. तो खऱ्या ऊर्जेच्या थोडा अलीकडे किंवा पलीकडे पडतो, आणि या आकड्यांचा आलेख काढला की बारीक रेषेऐवजी घंटेच्या आकाराचे शिखर दिसते. या शिखराची निम्म्या उंचीवर मोजलेली रुंदी हे विभेदनक्षमतेचे माप आहे. रुंदी जितकी कमी तितकी विभेदनक्षमता चांगली, हे उलटे नाते सुरुवातीला अनेकांना गोंधळात टाकते.

तुलनेसाठी कोबाल्ट-६० या स्रोताची १३३२.५ केईव्हीची रेषा घेण्याचा प्रघात आहे. चांगल्या जर्मेनियम डिटेक्टरमध्ये तिची रुंदी १.८ ते २ केईव्ही भरते. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाने सीझियम-१३७ ची ६६२ केईव्हीची रेषा मोजली, तर रुंदी सुमारे ७ टक्के, म्हणजे ४५ केईव्हीच्या आसपास येते. ज्या पट्ट्यात जर्मेनियमला वीस वेगवेगळी शिखरे दिसतील, तेथे सोडियम आयोडाइडला एकच ढिगारा दिसतो.

एवढ्या बारीक मापनाची खरोखरच गरज असते का?

दूषित पाण्यात सीझियम आहे की नाही एवढेच पाहायचे असेल तर बहुधा नसते. अणुकेंद्राची रचना समजून घ्यायची असेल तर मात्र याच्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही.

प्रवेगकातून आलेला जड आयन लक्ष्यातील अणुकेंद्राशी एकरूप झाला, म्हणजे त्यांचे संलयन झाले, की तयार होणारे नवे अणुकेंद्र अतिशय वेगाने फिरत असते. आधी ते काही न्यूट्रॉन किंवा प्रोटॉन बाहेर टाकते आणि मग उरलेली ऊर्जा व कोनीय संवेग वीस-तीस गॅमा किरणांच्या धबधब्यातून सोडून देते. एकाच टकरीतून शेजारशेजारची अनेक अणुकेंद्रे निर्माण होतात, प्रत्येकाचा धबधबा वेगळा असतो आणि सगळ्यांच्या रेषा एकाच वर्णपटात (ऊर्जेनुसार नोंदींच्या आलेखात) एकमेकींवर चढतात. १९८६ मध्ये इंग्लंडमधील डेअर्सबरी येथे पीटर ट्विन आणि सहकाऱ्यांनी डिस्प्रोशियम-१५२ मध्ये जी ‘अतिविरूपित’ अवस्था शोधली, तिच्या रेषा कुंपणाच्या खांबांसारख्या सुमारे ४७ केईव्हीच्या समान अंतरावर उभ्या होत्या. त्यावरून ते अणुकेंद्र लांबीला रुंदीच्या दुप्पट असल्याचे सिद्ध झाले. या रेषांची तीव्रता त्या अणुकेंद्राच्या एकूण उत्सर्जनाच्या एक-दोन टक्क्यांएवढीच होती. रुंद शिखरे देणाऱ्या डिटेक्टरमध्ये त्या पार्श्वभूमीत विरघळून गेल्या असत्या.

जर्मेनियमच का?

उत्तर मोजणीच्या गणितात आहे. गॅमा किरण जर्मेनियममध्ये थांबला की त्याच्या ऊर्जेतून इलेक्ट्रॉन आणि ‘होल’ म्हणजे रिक्त जागा यांच्या जोड्या तयार होतात. एक जोडी तयार करायला सरासरी २.९६ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. त्यामुळे १३३२.५ केईव्हीच्या एका किरणातून सुमारे साडेचार लाख जोड्या मिळतात. सोडियम आयोडाइडमध्ये ऊर्जेचे आधी प्रकाशात आणि मग फोटोमल्टिप्लायर नलिकेत इलेक्ट्रॉनांत रूपांतर होते. या दुहेरी व्यवहारात गळती एवढी होते की ६६२ केईव्हीमागे हाती काही हजार इलेक्ट्रॉनच उरतात. मोजायच्या वस्तूंची संख्या जितकी मोठी, तितका तिच्यातील सापेक्ष चढउतार लहान.

शिवाय या जोड्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे तयार होत नाहीत, कारण एकूण ऊर्जा ठरलेली असते. त्यामुळे चढउतार साध्या संख्याशास्त्रीय अंदाजापेक्षाही कमी असतो. या सवलतीला ‘फॅनो गुणक’ म्हणतात आणि जर्मेनियमसाठी तो ०.१ च्या आसपास आहे. साडेचार लाखांना ०.१ ने गुणून वर्गमूळ काढले तर २१२ येतात, त्यांना २.९६ ने आणि मग २.३५५ ने (चढउतारावरून निम्म्या उंचीवरची रुंदी काढणारा गुणक) गुणले की शिखराची रुंदी साधारण १.५ केईव्ही येते. निसर्गाने घालून दिलेली ही मर्यादा आहे. उत्तम डिटेक्टर तिच्या अर्ध्या केईव्हीच्या आत येऊन थांबतो, ही मला या क्षेत्रातील सर्वांत कौतुकाची गोष्ट वाटते.

मग सिलिकॉन का नको? ते तर स्वस्त आणि मुबलक आहे.

सिलिकॉनचा अणुक्रमांक १४ आहे आणि जर्मेनियमचा ३२. गॅमा किरण एका फटक्यात पूर्ण शोषला जाण्याची शक्यता अणुक्रमांकाच्या चौथ्या-पाचव्या घाताने वाढते, त्यामुळे या कामात सिलिकॉन कित्येक दहापट मागे पडते. अल्फा कण आणि प्रोटॉन यांच्यासाठी मात्र तेच वापरतात, कारण ते कण काही मायक्रॉन ते मिलिमीटर जाडीत थांबतात.

‘अतिशुद्ध’ म्हणजे किती शुद्ध?

एक लाख कोटी जर्मेनियम अणूंमागे विद्युतदृष्ट्या सक्रिय असा एखादाच परका अणू चालतो. डिटेक्टर उलट्या दिशेने व्होल्टता लावून चालवतात, आणि संपूर्ण स्फटिकभर विद्युतक्षेत्र पसरवायचे असेल तर अशुद्धी एवढी कमी असावीच लागते. तरीही त्यासाठी दोन ते साडेचार हजार व्होल्ट लागतात.

१९६० च्या दशकात अशी शुद्धता साधत नव्हती, म्हणून जर्मेनियममध्ये लिथियम झिरपवून अशुद्धीची भरपाई केली जाई. ते डिटेक्टर चांगले चालत. पण एकदा का ते सामान्य तापमानाला आले की लिथियम जागचे हलून डिटेक्टर निकामी होई. म्हणजे निर्मितीच्या दिवसापासून शेवटपर्यंत, वापर असो वा नसो, द्रवरूप नायट्रोजन भरत राहावे लागे. १९७० च्या दशकात अतिशुद्ध स्फटिक वाढवण्याचे तंत्र स्थिरावले आणि ही कायमची नोकरी संपली.

तरीही उणे १९६ अंश तापमान कशासाठी?

जर्मेनियममधील ऊर्जेची दरी, म्हणजे बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा, फार अरुंद आहे. सामान्य तापमानाला ती सुमारे ०.६७ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. खोलीच्या उष्णतेनेच एवढे इलेक्ट्रॉन दरी ओलांडतात की त्यांच्या प्रवाहात गॅमा किरणाचा स्पंद (विद्युत पल्स) ऐकूच येणार नाही. म्हणून स्फटिक निर्वात आवरणात ठेवून, तांब्याच्या दांड्यामार्फत द्रवरूप नायट्रोजनने थंड केला जातो. पूर्वविवर्धकाचा, म्हणजे प्रीअँपचा, पहिला ट्रान्झिस्टरही त्याच थंड कक्षात बसवतात, म्हणजे त्याचा स्वतःचा गोंगाट कमी होतो.

प्रयोग चालू असताना नायट्रोजन संपला तर काय होते?

तापमान वाढू लागताच उच्च व्होल्टता आपोआप बंद करणारी यंत्रणा असते आणि ती असलीच पाहिजे. स्फटिकाचे त्यामुळे सहसा बिघडत नाही. पण अर्धवट तापलेला डिटेक्टर लगेच पुन्हा थंड करू नये. आतील शोषकाने धरून ठेवलेले वायू तापताना बाहेर पडतात आणि पुन्हा थंड होताना ते स्फटिकाच्या पृष्ठभागावर बसू शकतात. मग गळतीचा विद्युतप्रवाह वाढतो. पूर्ण सामान्य तापमानाला येऊ देऊन, गरज वाटल्यास निर्वात पंप लावून, मगच थंड करावा. यात एक-दोन दिवस जातात आणि प्रवेगकावरचा मिळालेला वेळ हातातून निसटतो. म्हणूनच चोवीस डिटेक्टरांच्या जाळ्याला नायट्रोजन भरण्याचे काम स्वयंचलित झडपांकडे सोपवलेले असले, तरी रात्रपाळीचा माणूस तापमानाच्या नोंदींवर नजर ठेवतोच.

‘क्लोव्हर’ डिटेक्टर हे नाव कसे पडले आणि त्याचा फायदा काय?

चार पानी तिपतियासारखे चार जर्मेनियम स्फटिक एकाच थंड कक्षात, एकमेकांना जवळजवळ चिकटून बसवलेले असतात, म्हणून ते क्लोव्हर. हा आराखडा १९९० च्या दशकाच्या आरंभी युरोपात विकसित झाला. मूळ रचनेत प्रत्येक स्फटिकाचा व्यास ५० मिलिमीटर आणि लांबी ७० मिलिमीटर आहे.

एका स्फटिकात विखुरलेला गॅमा किरण बऱ्याचदा शेजारच्या स्फटिकात जाऊन थांबतो. दोन्ही स्पंद एकाच क्षणी आले असतील तर त्यांची बेरीज करून मूळ ऊर्जा परत मिळवता येते. या बेरजेमुळे १.३ एमईव्हीच्या आसपास पूर्ण शोषलेल्या किरणांची संख्या चार सुट्या स्फटिकांच्या एकूण संख्येच्या साधारण दीडपट होते. एकच मोठा स्फटिक घेतला असता तरी कार्यक्षमता मिळाली असती, पण त्यात विभेदनक्षमता राखणे अवघड जाते आणि पुढे सांगितलेली डॉपलरची अडचण वाढते.

आणखी एक लाभ असा की क्लोव्हर ध्रुवणमापक म्हणूनही चालतो. ९० अंशांवर, म्हणजे प्रवेगकातून येणाऱ्या कणांच्या झोताशी काटकोनात, बसवलेल्या क्लोव्हरमध्ये किरण आडव्या शेजाऱ्याकडे जास्त विखुरतो की उभ्या, यावरून संक्रमण विद्युत प्रकारचे आहे की चुंबकीय, हे ठरवता येते. अवस्थेची समता (पॅरिटी, म्हणजे सर्व दिशा उलट्या केल्या तर तिचे चिन्ह तेच राहते की बदलते, हा गुण) त्यावरून कळते.

डिटेक्टरभोवती जे जाड कवच दिसते, ते किरणोत्सर्गापासून संरक्षणासाठी असते का?

नाही, ते स्वतःच एक डिटेक्टर आहे. बिस्मथ जर्मेनेट, म्हणजे बीजीओ, या ७.१ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर घनतेच्या स्फटिकाचे ते बनलेले असते. जर्मेनियममधून अर्धवट ऊर्जा टाकून बाहेर निसटलेला किरण या कवचात पकडला जातो, आणि दोघांनी एकाच वेळी खूण दिली की ती घटना रद्द केली जाते. बीजीओची स्वतःची विभेदनक्षमता अगदी सुमार आहे, पण येथे त्याला ऊर्जा मोजायची नसून फक्त ‘काहीतरी निसटले’ एवढेच सांगायचे असते.

या कवचाचे महत्त्व आकड्यांत पाहावे. कवच नसताना दर चार नोंदींपैकी एकच नोंद खऱ्या शिखरात पडते असे धरू, आणि कवच लावल्यावर दर दोनांपैकी एक. एकच किरण पाहिला तर सुधारणा दुप्पट आहे. पण अणुकेंद्राच्या रचनेच्या प्रयोगात तीन किरण एकाच वेळी पकडून त्यांचे नाते शोधतात. तेथे तिन्ही नोंदी शिखरात असण्याची शक्यता चौसष्टात एकवरून आठात एकवर जाते. डेअर्सबरीच्या शोधामागे आणि पुढे अमेरिकेत बर्कली येथे उभारलेल्या ‘गॅमास्फियर’ या सुमारे ११० डिटेक्टरांच्या गोलामागे हेच गणित आहे.

निर्मात्याने दिलेला आकडा २ केईव्ही आणि प्रयोगात दिसणारा ४ केईव्ही, असे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि डिटेक्टर विकत घेण्याआधी तो विचारला गेला तर अधिक बरे होईल.

लक्ष्यातून निघालेले अणुकेंद्र स्वतःच धावत असते. संलयनाच्या नेहमीच्या प्रयोगांत त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या दोन-तीन टक्के असतो. आपल्याकडे येणाऱ्या आगगाडीची शिटी जशी चढ्या सुरात ऐकू येते, तशी त्याच्या पुढच्या बाजूच्या किरणांची ऊर्जा वाढते आणि मागच्या बाजूची घटते. कोन ठाऊक असेल तर हा फरक, म्हणजे डॉपलर परिणाम, वजा करता येतो. पण डिटेक्टरला आकार असतो. किरण त्याच्या कोणत्या काठाला लागला हे कळत नाही, आणि ती अनिश्चितता शिखराच्या रुंदीत उतरते. हा परिणाम ९० अंशांवर सर्वाधिक असतो.

समजा वेग २ टक्के, किरण १००० केईव्हीचा आणि लक्ष्यापासून अंतर २५ सेंटिमीटर आहे. सुमारे ९ सेंटिमीटर रुंदीचा पूर्ण क्लोव्हर एक डिटेक्टर मानला तर केवळ कोनामुळे ७ केईव्हीहून अधिक रुंदी येते. कोणत्या स्फटिकात जास्त ऊर्जा पडली ते पाहून त्याच्या कोनाने दुरुस्ती केली तर ती निम्म्यावर, साधारण ३.६ केईव्हीवर, येते.

रुंदीचे वेगवेगळे हिस्से सरळ मिळवले जात नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. २ केईव्हीचा डिटेक्टर आणि ३.६ केईव्हीचा डॉपलर मिळून ४.१२ होतात. भरपूर पैसे खर्चून १.८ केईव्हीचा डिटेक्टर आणला तर ४.०२ होतात. म्हणजे ०.२ केईव्हीच्या खरेदीतून ०.१ केईव्ही हाती लागला. तोच पैसा डिटेक्टर मागे सरकवून त्यांची संख्या वाढवण्यात घातला असता तर लाभ कितीतरी जास्त झाला असता. स्पेक्ट्रोमीटरची आखणी करणाऱ्याने आधी सर्वांत मोठा हिस्सा कोणता ते शोधावे आणि त्याच्याशीच झगडावे. लहान हिस्से घासून चकचकीत करण्यात वर्षे जातात आणि शिखर होते तेवढेच रुंद राहते.

भारतातील ‘इंगा’ म्हणजे काय, आणि तिचे मुंबईशी नाते काय?

इंडियन नॅशनल गॅमा अॅरे या नावाचे हे संक्षिप्त रूप आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था, भाभा अणुसंशोधन केंद्र, दिल्लीचे इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटर, कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर आणि साहा इन्स्टिट्यूट, यूजीसी-डीएई केंद्र आणि अनेक विद्यापीठे यांनी आपापले क्लोव्हर एकत्र करून हे जाळे उभे केले. एकेका संस्थेला चोवीस क्लोव्हर परवडणारे नव्हते. एकत्र आल्यावर ते शक्य झाले. जाळे फिरते आहे: काही काळ मुंबईत, काही काळ दिल्लीत, काही काळ कोलकात्यात. प्रत्येक ठिकाणचा प्रवेगक वेगळ्या प्रकारचे कण देतो, त्यामुळे या फिरस्तीचा विज्ञानालाही उपयोग होतो, जरी दर वेळी सगळे सोडवून, पॅक करून, पुन्हा जुळवणाऱ्यांचे मत थोडे वेगळे असू शकते.

मुंबईत कुलाब्याच्या आवारात १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन प्रवेगक १९८८ च्या अखेरीपासून आहे आणि त्याच्यापुढे अतिसंवाहक रेषीय प्रवेगक जोडलेला आहे. तेथील मांडणीत चोवीस क्लोव्हरांसाठी जागा आखलेली आहे: सहा ९० अंशांवर आणि प्रत्येकी तीन २३, ४०, ६५, ११५, १४० व १५७ अंशांवर. कोनांची ही विविधता शोभेसाठी नाही. वेगवेगळ्या कोनांतील तीव्रतेची तुलना करून किरणाने किती कोनीय संवेग नेला ते कळते, आणि पुढच्या-मागच्या कोनांतील डॉपलर फरकाच्या आकारावरून अवस्थेचे पिकोसेकंदाहूनही लहान आयुष्य मोजता येते. चोवीसही क्लोव्हर असताना १ एमईव्हीच्या आसपास पूर्ण जाळ्याची कार्यक्षमता सुमारे ५ टक्के असते.

डिजिटल पद्धत आल्याने काय बदलले?

पूर्वी प्रत्येक स्पंद विवर्धक, वेळमापक आणि रूपांतरक अशा वेगवेगळ्या खोक्यांतून जाई. चोवीस क्लोव्हरांचे शहाण्णव स्फटिक म्हणजे केबलांचे जंगल. आता प्रीअँपचा स्पंद थेट सेकंदाला दहा कोटी वेळा मोजून आकड्यांत बदलतात आणि ऊर्जा, वेळ, दोन स्पंद एकमेकांवर चढले आहेत का याची तपासणी, हे सारे चिपमध्येच होते. टाटा संस्थेत इंगासाठी ही पद्धत वापरात आली तेव्हा प्रत्येक घटनेला काळाचा शिक्का मिळू लागला आणि कोणते किरण ‘एकाच वेळचे’ मानायचे हा निर्णय प्रयोगानंतरही बदलता येऊ लागला.

एक गोष्ट मात्र बदलली नाही. स्पंदाची सरासरी जास्त वेळ घेतली तर गोंगाट कमी होतो आणि शिखर बारीक होते, पण तेवढ्यात दुसरा स्पंद येऊन चढण्याची शक्यता वाढते. दर सेकंदाला काही हजार किरण पडत असताना काही मायक्रोसेकंदांची तडजोड करावीच लागते, मग यंत्रणा जुनी असो वा नवी.

न्यूट्रॉनांमुळे डिटेक्टर बिघडतो हे खरे आहे का?

होय, आणि संलयनाच्या प्रत्येक प्रयोगात न्यूट्रॉन निघतातच. वेगवान न्यूट्रॉन जर्मेनियमचे अणू जागेवरून हलवतो. अशा जागी होल अडकून पडतात, काही विद्युतभार पोहोचत नाही आणि शिखराला कमी ऊर्जेच्या बाजूने शेपूट फुटते. पी प्रकारच्या डिटेक्टरमध्ये (स्फटिकातील उरलेल्या अशुद्धीवरून तो पी किंवा एन प्रकारचा ठरतो) दर चौरस सेंटिमीटरला दहा कोटींच्या आसपास वेगवान न्यूट्रॉन पडले की हा परिणाम जाणवू लागतो. एन प्रकारच्या डिटेक्टरमध्ये होलांना बाहेरच्या टोकापर्यंत थोडेच अंतर जायचे असते, म्हणून तो बराच अधिक टिकतो. क्लोव्हर त्याच प्रकारचे असतात.

उपाय सोपा, पण वेळखाऊ आहे. डिटेक्टर निर्वात पंपाला जोडून सुमारे १०० अंश सेल्सियसला काही दिवस तापवतात. अणू पुन्हा जागी बसतात आणि विभेदनक्षमता बहुतांशी परत येते.

पावसाळ्यात डिटेक्टर बिघडल्यासारखा वागतो. कुठे पाहावे?

समुद्राजवळच्या प्रयोगशाळेत हा ऋतूचाच आजार आहे. थंड भागाजवळ हवेतील बाष्प जमते, उच्च व्होल्टतेच्या जोडणीवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि बारीक ठिणग्या किंवा गळती सुरू होते. आधी व्होल्टता उतरवून जोडण्या कोरड्या कराव्यात आणि खोलीतील आर्द्रता कमी ठेवावी. डिटेक्टरच्या पुढच्या टोपणावरच दव किंवा बर्फ दिसले तर दुखणे वेगळे आणि गंभीर आहे: आतील निर्वात गेले आहे.

एरवी क्रम असा ठेवावा. प्रीअँपला ठरावीक उंचीचा कृत्रिम स्पंद द्यावा आणि त्याच्या शिखराची रुंदी पाहावी. कृत्रिम स्पंदात स्फटिकाचा काहीच वाटा नसतो. तोही रुंद दिसला तर दोष इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि तो बारीक असून गॅमाचे शिखर रुंद असेल तर दोष स्फटिकाचा किंवा व्होल्टतेचा. दोष इलेक्ट्रॉनिक्सचा निघाल्यास ऑसिलोस्कोपवर आधाररेषा पाहावी. पन्नास हर्ट्झची लाट दिसली की अर्थिंग दोन ठिकाणी झाले आहे असे समजावे; नेहमीचा संशयित म्हणजे बीमनळीवरचा (कणांचा झोत, म्हणजे बीम, ज्यातून येतो त्या नळीवरचा) टर्बो पंप. डिटेक्टरच्या पायाला हलकेच टिचकी मारल्यावर रेषा थरथरली तर कंपने आत पोहोचत आहेत. नायट्रोजन भरताना तासभर विभेदनक्षमता खालावते ती बुडबुड्यांच्या याच कंपनांमुळे. बहुतेक वेळा स्फटिक निर्दोष असतो आणि केबल दोषी निघते. तरीही पत्र आधी स्फटिकाच्या निर्मात्याला जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

चुंबकीय स्पेक्ट्रोमीटर वेगळे कसे?

ते गॅमाऐवजी विद्युतभारित कणांची ऊर्जा मोजतात. चुंबकीय क्षेत्रात जास्त संवेगाचा कण कमी वळतो, त्यामुळे दूरच्या पडद्यावर तो कोठे पडला यावरून त्याचा संवेग कळतो. ऊर्जेचे मापन अंतराच्या मापनात बदलते. म्यूनिकजवळच्या गार्किंग येथील क्यू-थ्री-डी स्पेक्ट्रोमीटरने २० ते २५ एमईव्हीच्या कणांसाठी १० केईव्हीच्या आतली विभेदनक्षमता वर्षानुवर्षे दिली. जपानमधील ओसाका येथील ‘ग्रँड रायडेन’ संवेगाचे ३७,००० भागांत एक एवढे विभेदन करतो.

येथली चतुराई चुंबकाइतकीच बीममध्ये आहे. प्रवेगकातून येणाऱ्या प्रोटॉनांच्या ऊर्जेतच शंभराहून अधिक केईव्हीचा फरक असतो. मग २० केईव्हीचे अंतर कसे दिसणार? उपाय असा की बीम लक्ष्यावर मुद्दाम पसरवून पाडायचा, जास्त ऊर्जेचे कण एका बाजूला आणि कमी ऊर्जेचे दुसऱ्या बाजूला, आणि हा पसारा असा जुळवायचा की स्पेक्ट्रोमीटरने तो नेमका उलटा करून सगळ्यांना पुन्हा एका बिंदूवर आणावे. अशा जुळणीने ओसाका येथे सुमारे ३०० एमईव्हीच्या प्रोटॉनांसाठी २० केईव्हीच्या जवळपासची विभेदनक्षमता मिळाली आहे. दिल्लीतील ‘हीरा’ आणि ‘हायरा’ ही उपकरणे या कुळातली असली तरी त्यांचे काम वेगळे आहे: बीममधून संलयनाची उत्पादिते वेगळी काढणे.

विभेदनक्षमता कमी असलेला डिटेक्टर कोणी मुद्दाम निवडतो का?

निवडतो, वेळ मोजायचा असेल तेव्हा. सीरियम मिसळलेला लँथेनम ब्रोमाइड ६६२ केईव्हीला ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २० केईव्हीची रुंदी देतो, पण वेळ नॅनोसेकंदाच्या अंशांपर्यंत सांगतो. जर्मेनियमला ते साधत नाही. म्हणून टाटा संस्थेतील जाळ्यात क्लोव्हरांबरोबर हे डिटेक्टरही बसवले गेले. क्लोव्हर हवा तो धबधबा अचूक निवडतात आणि लँथेनम ब्रोमाइड त्यातील अवस्थेचे आयुष्य मोजतो. लँथेनममध्ये निसर्गतःच किरणोत्सर्गी समस्थानिक असल्याने त्याची स्वतःची खूण १४३६ केईव्हीजवळ कायम दिसत राहते, तेवढी सोसावी लागते.

पुढचे पाऊल कोणते?

कवच काढून टाकणे. युरोपातील ‘अगाता’ आणि अमेरिकेतील ‘ग्रेटिना’ यांत प्रत्येक स्फटिकाचा बाहेरचा विद्युतस्पर्श छत्तीस तुकड्यांत विभागला आहे. स्पंदांच्या आकारावरून किरण स्फटिकात नेमका कोठे आदळला हे काही मिलिमीटरांपर्यंत कळते आणि त्याचा विखुरत जाणारा मार्ग संगणकाने जोडता येतो. बीजीओने अडवलेली जागा जर्मेनियमला मिळते आणि कोन एवढा नेमका कळतो की प्रकाशाच्या तीस-चाळीस टक्के वेगाने धावणाऱ्या अणुकेंद्रांच्या रेषाही वेगळ्या दिसतात. खर्च मात्र असा आहे की अनेक देश मिळूनही ही जाळी वर्षानुवर्षे थोडी थोडी वाढवत आहेत.

नव्या विद्यार्थ्याने सुरुवात कशाने करावी?

युरोपियम-१५२ चा स्रोत आणि एक क्लोव्हर घ्यावा. या स्रोताच्या रेषा १२१.८ पासून १४०८ केईव्हीपर्यंत पसरलेल्या असल्याने ऊर्जेचे अंशांकन (कॅलिब्रेशन) आणि कार्यक्षमतेचा वक्र एकाच मापनात मिळतो. चारही स्फटिकांचे वर्णपट आधी वेगवेगळे जुळवावेत, मगच बेरीज करावी. जुळवणीत एक केईव्हीची चूक राहिली तरी बेरजेचे शिखर रुंद होते. मग स्रोत उचलून ठेवावा आणि रात्रभर नुसत्या खोलीचा वर्णपट घ्यावा. भिंतींमधील पोटॅशियम-४० ची १४६०.८ आणि थोरियमच्या साखळीतील २६१४.५ केईव्हीची रेषा सकाळी समोर उभी असते, आणि प्रयोग चालू असताना अंशांकन सरकले आहे का, हे पुढे वर्षभर त्या दोघींवरूनच तपासता येते.